मुलाच्या खोलीतला कॅमेरा : रात्रीच्या किंकाळ्यांसाठी घेतला, तीन महिने वापरला

माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा. जूनमध्ये ज्युनिअर केजी सुरू झाली आणि दोनेक आठवड्यांत तो रात्री किंचाळत उठायला लागला. उठायला म्हणजे, जागा झालेला नसायचाच. डोळे सताड उघडे, अंग घामानं निथळलेलं, छाती धडधडतेय, आणि मी “अरे, मी बाबा” म्हणतोय तर मलाच दोन्ही हातांनी ढकलतोय. थोड्या वेळानं आपोआप आडवा. सकाळी त्याला काही म्हणजे काही आठवायचं नाही, पोहे खाऊन शाळेत. आम्ही दोघं मात्र दिवसभर सुन्न.

आईनं मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. मी अडवलं नाही, तिचाही जीव तुटत होताच. पण ओरडणं कधी थांबतं, कशानं थांबतं हे समजत नव्हतं. म्हणून जुलैत घरात लावायचा फिरता कॅमेरा घेतला. साधारण दोन हजारांचा, वर 64 जीबीचं कार्ड वेगळं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतले बरेचसे सारखेच दिसतात.

अंधारातलं चित्र चांगलं येतं. काळं-पांढरं, पण चादरीच्या घड्यासुद्धा दिसतात. पहिलंच रेकॉर्डिंग बघताना माझ्या पोटात गोळा आला. पोरगं मच्छरदाणीत ताठ बसलेलं, बुबुळं पांढरी चमकतायत (इन्फ्रारेड उजेडात तशी चमकतातच, घाबरू नका) आणि नजर आमच्या आरपार. त्यानंतर जे दिसलं ते जास्त लागलं. मी ट्यूब लावतोय, त्याला उचलतोय, गदागदा हलवतोय, तोंडावर पाणी मारतोय, बायको रडत हाका मारतेय. दर वेळी मी हात लावला की त्याची किंकाळी चढते. कोपऱ्यातल्या घड्याळाप्रमाणे 11 मिनिटं. मुलाला बघायला कॅमेरा लावला होता आणि दिसलो आम्ही.

हेच रेकॉर्डिंग मोबाईलवर बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी दोनदा पाहिलं. घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का, हातपाय एकाच लयीत झटकतात का, एका रात्रीत अनेकदा होतं का, पहाटे होतं का, असं विचारलं. यातलं काही असतं तर पुढच्या तपासण्या लागल्या असत्या. आमच्याकडे नव्हतं. याला नाईट टेरर म्हणतात, म्हणाले. वाईट स्वप्न वेगळं. ते बहुतेक पहाटेकडे पडतं, मूल खरंच जागं होतं, सांगतं, कुशीत शिरतं. हे झोपेच्या पहिल्या भागात, अगदी गाढ झोपेतून होतं. मेंदू अर्धा जागा, अर्धा झोपलेला. घरात कुणी झोपेत चालायचं का, असंही विचारलं. संध्याकाळी आईला विचारलं तर ती सहज म्हणाली, “तू नाही का दार उघडून ओट्यावर जाऊन बसायचास?” मला आजवर माहीत नव्हतं.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग पुढे झाला. मी नऊ रात्रींच्या वेळा वहीत उतरवल्या. मी साडेआठला कामावरून येतो, बाबा आला म्हणून पोर दहापर्यंत जागं, आणि किंकाळी साडेअकराच्या आसपास. शाळेमुळे दुपारची झोप सुटलेली. म्हणजे पोरगं रोज दमून, उशिरा झोपत होतं. अपुरी झोप हे याचं एक मोठं कारण असतं. डॉक्टरांनी सांगितल्यावर साडेआठला झोपवायला लागलो (माझी भेट आता सकाळी होते, ते जड जातं, पण ठीक). तर किंकाळी दहावर आली. घड्याळाशी तिचा संबंधच नव्हता, झोप लागल्यापासून दीड तास, हा हिशोब होता. आणि आठवड्यात पाच रात्रींच्या जागी तीन रात्री झाली.

मग त्यांनी सांगितलं, नेहमीच्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी हलकेच उठवा. मोबाईलचा गजर थरथरण्यावर ठेवून पावणेदहाला मी खांद्याला हात लावायचो, तो “हं” करून कूस बदलायचा, झालं. रोज, चार आठवडे. दुसऱ्या आठवड्यात एकदा ओरडला, त्यानंतर नाही. त्या एका रात्री मी दिवा लावला नाही, उचललं नाही. पलंगाच्या कडेला बसून डोकं भिंतीवर आपटू नये एवढा हात मध्ये धरला. 4 मिनिटं. ते रेकॉर्डिंग मी पुसलेलं नाही.

आता तक्रारी. हालचाल झाली की मोबाईलवर सूचना येते म्हणतात, पण पंख्यानं मच्छरदाणी हलली तरी येते, आणि खरं ओरडणं सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटानं. सूचना बंद करून टाका. लाईट जाऊन आली की वायफाय जोडेपर्यंत घड्याळ चुकतं. आपल्याला वेळच हवी असते, त्यामुळे हे फार खटकलं. पावसाळ्यात आमच्याकडे नाशिकला लाईट कमी वेळा जात नाही. कंपनी दरमहा पैसे भरून रेकॉर्डिंग त्यांच्याकडे साठवा म्हणून मागे लागते, गरज नाही, कार्ड पुरतं. आल्याआल्या पासवर्ड बदला. आणि पोराचं असं रेकॉर्डिंग नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. डॉक्टरांना दाखवा, बास. कॅमेऱ्यानं ओरडणं थांबत नाही, ते झोपेच्या वेळेनं आणि त्या पावणेदहाच्या हातानं थांबलं.

पाचातले साडेतीन स्टार.

कॅमेरा अजून कपाटावरच आहे. सप्टेंबरात ताप आला तेव्हा दोन रात्री पुन्हा ओरडला. वहीत लिहिलंय : 9:52 आणि 10:05. ताप उतरल्यावर थांबलं.