क्लॅट की लॉ सीईटी? नाशकात बसून ठरवणाऱ्यांसाठी

बारावीचे क्लास सुरू झाले की कोर्टाच्या आवारात चहा घेताना हमखास कुणीतरी थांबवतं, ताई, पोरगी लॉ करायचं म्हणतीये, क्लॅटला बसवू की सीईटीला? मी नाशकात प्रॅक्टिस करते, त्यात यंदा माझी भाचीच बारावीला आहे, त्यामुळे गेले काही महिने लॉच्या या दोन्ही प्रवेश परीक्षांचे (क्लॅट राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी, म्हणजे एनएलयूंसाठी, आणि सीईटी महाराष्ट्रातल्या लॉ कॉलेजांसाठी) पेपर घरातल्या डायनिंग टेबलावरच पडलेले असतात. म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं.

आधी माझं मत सांगते, मग कारणं. ज्याला इंग्रजी वाचनाची सवय आहे आणि घरच्यांची बाहेर ठेवायची तयारी आहे त्याने डिसेंबरपर्यंत क्लॅट धरून अभ्यास करावा आणि बोर्ड संपलं की सीईटीकडे वळावं. ज्याचं इंग्रजी अजून अडखळतं त्याने, फक्त लोक म्हणतात म्हणून क्लॅटच्या मागे वर्ष घालवू नये, सरळ सीईटी मनावर घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

आता पेपर बघा. क्लॅट एनएलयूंचं कन्सॉर्टियम, म्हणजे त्यांची संयुक्त संस्था, घेतं, १२० प्रश्न, १२० मिनिटं, कागदावर ओएमआर शीट, चुकीच्या उत्तराला ०.२५ कापतात, आणि पेपर फक्त इंग्रजीत. लॉ सीईटी महाराष्ट्राचा सीईटी सेल घेतो, ती कॉम्प्युटरवर असते, आता तिथेही १२० प्रश्न आणि दोन तास (आधी १५० प्रश्न असायचे, जुनी पुस्तकं घेताना हे बघा), निगेटिव्ह मार्किंग नाही आणि प्रश्न मराठीतही दिसतात. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सच्या सीईटीत लीगल ३२, लॉजिकल ३२, जीके २४, इंग्रजी २४ आणि गणित ८ असे प्रश्न. क्लॅटमध्ये साधारण तीसेक करंट अफेअर्स, तीसेक लीगल, बावीस ते सव्वीस इंग्रजी, तेवढेच लॉजिकल आणि दहा ते चौदा गणिताचे. आकडे बघितले की वाटतं एकच परीक्षा आहे, दोन्हीकडे तेच विषय. इथेच सगळे फसतात.

खरा फरक काय तो भाचीला समजावताना मी एक उदाहरण घेतलं होतं. लॅटिनमध्ये एक वचन आहे, व्होलेंटी नॉन फिट इन्जुरिया, म्हणजे ज्याने धोका स्वतःहून पत्करला त्याला त्या धोक्यातून झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येत नाही. सीईटीत सरळ विचारतील, या वचनाचा अर्थ काय, खाली चार पर्याय, माहीत असेल तर दहा सेकंदांत मार्क तुमचा आणि माहीत नसेल तर कितीही डोकं खाजवून उपयोग नाही. क्लॅटमध्ये साडेचारशे शब्दांचा उतारा येईल, त्यात हे तत्त्व सोप्या इंग्रजीत उलगडून दिलेलं असेल, आणि मग प्रश्न असा की गोल्फ क्लबच्या मैदानावर एक माणूस क्रिकेटची मॅच बघायला गेला, सिक्सचा बॉल येऊन डोक्यात बसला, भरपाई मिळेल का? पुढचा प्रश्न, त्याच मॅचला तो बसलेला लाकडी स्टँडच कोसळला, आता मिळेल का? भाचीने दोन्हीला नाही म्हटलं. मी म्हटलं थांब, परत वाच, त्याने धोका कशाचा पत्करला होता? तिने पेन्सिलने उताऱ्यातल्या एका ओळीखाली रेघ मारली, जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, बॉलचा, स्टँडचा नाही. बस, क्लॅट म्हणजे हे. तिथे कायदा पाठ असावा लागत नाही, उताऱ्यात दिलेला नियम नीट वाचून तेवढाच लावायचा, स्वतःचं ज्ञान मध्ये आणलं तर उलट चुकतं.

म्हणून तयारीची पद्धतच वेगळी होते. सीईटीसाठी राज्यघटनेची महत्त्वाची कलमं, मूलभूत हक्क, रिट किती आणि कोणते, लॅटिन वचनं, कोणतं कोर्ट कुठे, हे पाठच हवं. इथे एक सावध करते, १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, सीआरपीसी आणि एव्हिडन्स ॲक्टच्या जागीही नवीन कायदे आले, त्यामुळे दादाने वापरलेलं किंवा सेकंडहँड आणलेलं लीगल ॲप्टिट्यूडचं पुस्तक असेल तर त्यातली कलमं जशीच्या तशी पाठ करू नका. क्लॅटवाल्याने याउलट रोज इंग्रजी पेपरातले अग्रलेख वाचायचे, नुसते वाचायचे नाहीत, लेखकाचं म्हणणं काय आणि त्याने ते कशावर टेकवलंय हे दोन ओळींत लिहून काढायचं. सार्वजनिक वाचनालयात जाऊन तास-दीड तास पेपर वाचत बसलात तरी चालेल, १८४० पासूनची संस्था आहे आपल्या गावात, वापरा की. बरं, या वाचनाचा सीईटीला तोटा होत नाही, करंट अफेअर्स आणि इंग्रजी तिथेही आहेच. पण फक्त सीईटीची वन-लायनर पुस्तकं पाठ करून क्लॅटला गेलेल्याचा तिसऱ्या उताऱ्यातच दम निघतो, त्यामुळे दोन्ही द्यायच्या असतील तर क्रम क्लॅटकडून सीईटीकडेच असू द्या.

निगेटिव्ह मार्किंगचा हिशोबही डोक्यात पक्का हवा. क्लॅटमध्ये ८० बरोबर आणि २० चूक म्हणजे ५ गेले, उरले ७५, मोठा फटका नाही पण तिथे एकेका मार्कात रँक शेकड्यांनी सरकते. दोन पर्याय खोडता आले तर ठोका, चारातला एकही खोडता येत नसेल तर सोडा. सीईटीत मात्र एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, शेवटची पाच मिनिटं राखून ठेवायची आणि उरलेले सगळे भरून टाकायचे. डिसेंबरमध्ये प्रश्न सोडायची सवय लागलेली मुलं सीईटीतही प्रश्न सोडून येतात, आणि घरी येऊन सांगतात.

भाषेचं जरा सविस्तर बोलते कारण आपल्याकडे दिंडोरी, निफाड, सिन्नर, पेठकडून रोज एसटीने कॉलेजला येणारी कितीतरी मुलं मराठी माध्यमाची आहेत. आमच्या ऑफिसमध्ये टायपिंगला येणाऱ्या मुलाचा धाकटा भाऊ असाच, दहावीला उत्तम मार्क, लॉजिकलची कोडी आमच्यापेक्षा पटापट सोडवतो, पण इंग्रजी उतारा वाचायला त्याला सहा-सात मिनिटं लागायची. क्लॅटला उतारा आणि त्यावरचे पाच-सहा प्रश्न मिळूनच तेवढा वेळ असतो. त्याला कुणीतरी क्लॅटच्या महागड्या बॅचला घातलं होतं, चार महिन्यांत पोरगा इतका खचला की लॉच नको म्हणायला लागला. मग त्याला सीईटीचा पेपर मराठीतून सोडवायला बसवलं, पहिल्याच दिवशी लीगल आणि लॉजिकलमध्ये त्याचे ६४ पैकी ४५ आले. त्याच मुलाचा त्या दिवशीचा चेहरा मला आठवतो. अर्थात लॉ करताना पुढे इंग्रजी लागणारच, हायकोर्टाचे निकाल इंग्रजीत असतात, पण ते पाच वर्षांत येतं, सात महिन्यांत येईलच असं नाही.

वेळापत्रक बघा. क्लॅट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होते, म्हणजे बोर्डाच्या दोन-अडीच महिने आधी. सीईटी बोर्डानंतर एप्रिल-मेच्या आसपास. म्हणजे फक्त सीईटी देणाऱ्याला बोर्ड झाल्यावर निवांत महिना-दीड महिना मिळतो, तेवढ्यात बरंच होतं. क्लॅटवाल्याचे जून ते नोव्हेंबर हे महिने खरे, दिवाळीत गावाला जाणं विसरायचं.

आता पैशाचं, कारण शेवटी गाडी इथेच अडते. क्लॅटचा नुसता फॉर्म ४००० रुपयांचा, आरक्षित प्रवर्गातल्या काहींना ३५००. सीईटीचा हजाराच्या आत-बाहेर. निकालानंतर क्लॅटच्या काउन्सेलिंगला नाव नोंदवतानाच वीस-तीस हजारांच्या घरात पैसे भरायचे, आणि बहुतेक एनएलयूंची फी हॉस्टेल-मेस धरून वर्षाला अडीच-तीन लाखांपर्यंत किंवा वर जाते, गुणिले पाच करा. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे एनएलयू आहेत आणि तिथे महाराष्ट्राच्या डोमिसाईलवाल्यांसाठी राखीव जागा असतात, म्हणून आपल्या मुलांनी कटऑफ बघताना ऑल इंडियाचा आकडा बघून घाबरू नये, स्टेटचा बघावा. सीईटीतून अनुदानित कॉलेज मिळालं तर खर्च कुठल्या कुठे कमी. शिवाय मुलींसाठी सांगते, २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक कोर्सना ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा. पन्नास टक्के सवलतीची योजना आधीपासून होती, कित्येक आईवडिलांना अजून तेवढीच माहीत आहे. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर फॉर्म भरायचा असतो, वेळेत भरा.

सीईटीला दुय्यम समजणाऱ्यांना मी एवढंच विचारते की मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, १८५५ चं, आणि पुण्याचं आयएलएस, १९२४ चं, ही दोन्ही कॉलेजं कोणत्या परीक्षेतून मिळतात? सीईटीतूनच. नाशकात राहायचं तर कॉलेज रोडचं एनबीटी, मराठा विद्या प्रसारकचं लॉ कॉलेज, सिडकोतलं नवजीवन, ही सगळी पुणे विद्यापीठाला जोडलेली. इथे शिकणाऱ्याला एक गोष्ट मिळते जी हॉस्टेलवाल्याला सहज मिळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून सकाळी लेक्चर आणि दुपारी एखाद्या सीनियरकडे बसता येतं, फाईल कशी लावतात, तारीख कशी घेतात, उलटतपासणीत वकील कुठे थांबतो हे डोळ्यांनी बघता येतं. एनएलयूत काय मिळतं तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, मोठ्या लॉ फर्म कॅम्पसवर येतात, मूट कोर्ट (सरावासाठीचे लुटुपुटूचे खटले) आणि रिसर्चचं वातावरण असतं, देशभरातली हुशार मुलं आजूबाजूला असतात, कॉर्पोरेटमध्ये जायचं असेल तर हा फरक मोठा आहे. पण कोर्टातच उभं राहायचंय, नाशिकमध्येच प्रॅक्टिस करायचीये, तर माझ्या मते पंधरा लाखांचं कर्ज काढून एनएलयूला जाण्याआधी दहादा विचार करा. एआयबीई, म्हणजे वकिली करायला लागणारी बार कौन्सिलची परीक्षा, दोघांनाही द्यावीच लागते. आणि जज व्हायचं स्वप्न असेल तर मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी किमान तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणलीये, म्हणजे कॉलेज कोणतंही असो, आधी कोर्टात तीन वर्षं घालवावी लागणारच.

पदवी झालेल्यांसाठी थोडक्यात. तीन वर्षांच्या एलएलबीसाठी क्लॅट नसते, बंगळुरूच्या एनएलएसआययूची स्वतःची वेगळी परीक्षा आहे, बाकी आपल्याकडे तीन वर्षांची सीईटीच. त्यात इंग्रजीला ४० आणि जीकेला ३२ प्रश्न आहेत आणि गणित नाही, म्हणजे झुकतं माप कुठे द्यायचं ते उघड आहे. नोकरी करून शिकायचा विचार असेल तर ७० टक्के हजेरीचा नियम आधी नीट समजून घ्या.

अर्जाच्या बाबतीत दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्लॅटचा फॉर्म सोपा. सीईटीचं कॅप म्हणजे कागदपत्रांचा डोंगर, डोमिसाईल, एलसी, दोन्ही मार्कशीट, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस. माझ्या एका क्लायंटच्या मुलीला सीईटीला छान स्कोअर होता, पण एलसीवर वडिलांचं नाव एका पद्धतीने आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर दुसऱ्या, स्क्रूटिनीत फॉर्म परत आला, दुरुस्तीला गॅझेट, ॲफिडेव्हिट असं करता करता पहिला राउंड गेला आणि ज्या कॉलेजवर तिचा डोळा होता ते हुकलं. ती रडत होती तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. तिचा अभ्यास कुठेच कमी पडला नव्हता. म्हणून आज, अभ्यास सुरू करायच्या आधी, सगळे कागद टेबलावर पसरा आणि प्रत्येकावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का बघा. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच टाकलेला बरा. नॉन क्रिमी लेयरवरची मुदत वाचा, प्रवेशाच्या वर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं. आणि कॅपमध्ये कॉलेजांचा क्रम भरताना तुम्हाला खरंच हवा तोच क्रम भरा, इथे मिळेल का तिथे मिळेल असा अंदाज बांधत बसू नका, कारण यादी वरून खाली बघितली जाते.

कुठलीही बॅच लावायच्या आधी एक करून बघा. एका रविवारी सकाळी क्लॅटचा मागच्या वर्षीचा पेपर, कन्सॉर्टियमच्या साईटवर मिळतो, घड्याळ लावून दोन तासांत सोडवा, आणि पुढच्या रविवारी सीईटीचा सराव पेपर. भाचीने केलं तेव्हा तिला क्लॅटमध्ये ५१ आले आणि सीईटीत ६८. तरी ती क्लॅटच धरून बसलीये, कारण ५१ मधले लीगलचे जवळजवळ सगळे बरोबर होते, गेले ते करंट अफेअर्समध्ये, आणि ते वाचून भरून निघतं असं तिचं म्हणणं. मलाही पटलं. सोमवारपासून सकाळी सहाला पेपरवाल्याची वाट बघत दारात उभी असते.