हजार वॅटची ट्रॉली

आमच्या गावच्या भजनात गिटार घेऊन बसणारा मी एकटाच. चार खंजिऱ्या, टाळ आणि पेटी सुरू झाली की माझी गिटार मलाच ऐकू येत नाही. 30 एप्रिलची ग्रामजयंती, म्हणजे तुकडोजी महाराजांची जयंती, तोंडावर आली होती. संध्याकाळी लाइन राहील याचा भरवसा नाही, म्हणून बॅटरीवरचा अॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर, घ्यायचं ठरवलं. कापसाचे पैसे हातात होते.

तालुक्याच्या दुकानात चाकांवरचा ट्रॉली स्पीकर समोर आला. वर सोनेरी स्टिकर, 1000 वॅट. "गिटारचं काय घेऊन बसले भाऊ, अख्खी वरात नाचते याच्यावर!" मोबाइल जोडून दुकानदारानं डीजेचं गाणं लावलं, काउंटरची काच थरथरली आणि मी 6,500 रुपये रोख मोजले. गिटार घरीच होती. ट्रॉलीच्या मागे चार्जर लागलेला होता; दिसला असेल, पण मनावर कोण घेतो?

"पक्कं बिल पायजे असन तर अठरा टक्के वर लागन," तो म्हणाला. मी शहाणपणा करून ते वाचवले.

ग्रामजयंतीला गिटारची पिन लावली तर डबा वाजवल्यासारखा आवाज. खालच्या तारा गायब, वरच्या कानात टोचणाऱ्या. आवाज वाढवला की शिट्टी. तिसऱ्या भजनात लाइन गेली आणि चाळीस मिनिटांत ट्रॉलीही गेली. खंजिरीवाले काका हसून म्हणाले, "राहू दे बाबू, तू टाळ घे."

गावातल्या वायरमनकडून ती खोलून घेतली. आत 12 व्होल्ट, 4.5 अँपिअर-अवर छापलेली बॅटरी. गुणाकार केला तर 54 वॅट-तास. खरंच हजार वॅट ओढले असते तर तीन-सव्वातीन मिनिटांत खेळ खलास! बोर्डावर आवाज मोठा करणारी टीडीए 2030 नावाची एकच चिप. तिच्या कंपनीच्या कागदावर 14 वॅट लिहिलेत, तेही 28 व्होल्ट मिळाले तर. बारा व्होल्टवर त्याहून बरेच कमी. "दादा, हजार वॅट याच्यात मावन कुठं?" वायरमन म्हणाला. स्टिकरवरच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, असं छापलं होतं. त्या मोजमापाला कसलंही ठरलेलं माप नाही, वाटेल तो आकडा टाकता येतो. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे सलग मिळणाऱ्या ताकदीचा.

आवाज पातळ का, ते वेगळंच. माझ्या गिटारला चिकटवायचा पिझो पिकअप आहे, म्हणजे लाकडाची थरथर पकडणारी चकती; तिचा बारीक सिग्नल आधी वाढवणारा प्रीअॅम्प आत नाही. अशा पिकअपला एक मेगाओहमच्या, म्हणजे दहा लाख ओहमच्या, घरातला विरोध असलेलं इनपुट लागतं. ट्रॉलीचं छिद्र माइकसाठीचं, काही हजार ओहमचं. ते खालचे सूर खाऊन टाकतं. पिन बसते म्हणून माइकचं आणि गिटारचं छिद्र एकच वाटतं. गिटार सोबत नेऊन, चार्जर काढून, दुकानातच तासभर वाजवली असती तर सगळं तिथंच कळलं असतं. दुकानदारानं तासभर बसू दिलं नसतं, तरी तेही कळणंच होतं.

दुकानात परत गेलो तर दुकानदार म्हणाला, "खोलली न तुम्ही? आता वॉरंटी संपली." ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला. त्यांनी बिल मागितलं. माझ्याकडची चिठ्ठी 'एस्टिमेट' छापलेली, त्यावर ना दुकानाचं नाव ना जीएसटी नंबर. पैसे रोख दिलेले, त्यामुळे फोनमध्येही खूण नाही.

पुढं नागपुरात एका वाजवणाऱ्याकडे रोलँड कंपनीचा क्यूब स्ट्रीट नावाचा अॅम्प पाहिला. सहा पेन्सिल सेलवर चालतो आणि कंपनी लिहिते किती, तर 5 वॅट. माझी गिटार त्यावर गिटारसारखी वाजली. चार खंजिऱ्यांपुढे तोही दबेल, पण निदान सांगितलंय तेवढं देतो. किंमत ऐकून मात्र गप्प बसलो.

ट्रॉली सध्या हरभऱ्यात आहे. बाबा जागलीला जाताना नेतात, मोबाइलवरून कुत्री भुंकल्याचं रेकॉर्डिंग लावतात. रोही (नीलगाई) थबकतात, रानडुकरं बांधाकडे वळतात. चाळीस मिनिटांनी बॅटरी उतरली की पुढं रात्रभर बाबाच ओरडतात.