दीक्षित की दिवेकर? ठरवण्याआधी चार दिवस स्वतःचं खाणं लिहून काढा

वजन कमी करायचा विषय निघाला की घरात दोन आहारपद्धतींचे दोन पक्ष पडतात. काका म्हणतात दीक्षित, मावसबहीण म्हणते दिवेकर. दोघांकडेही दहा-दहा किलो उतरवलेली माणसं दाखवायला असतात. मी दोन्ही करून पाहिलंय, आधीचं दहा महिने, नंतरचं वर्षभर. माझं मत सुरुवातीलाच सांगते: कुठलं खरं यावर वाद घालण्यापेक्षा आपलं जास्तीचं खाणं नेमकं कुठल्या वेळी होतं ते शोधा. निवड तिथेच होते.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा आराखडा मुळात डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवर उभा आहे. खाल्लं की इन्सुलिन, म्हणजे चरबी साठवायला लावणारं संप्रेरक, पाझरतं, म्हणून खाण्याच्या वेळा दोनच. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या आणि जेवण ५५ मिनिटांच्या आत आटपायचं. मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा चालतो. जोडीला ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं.

आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचा रस्ता उलट्या दिशेचा. उठल्यावर चहाआधी केळं किंवा भिजवलेले बदाम, मग दर दोन-तीन तासांनी थोडंथोडं, रात्रीचं जेवण लवकर. वरण-भात-तूप सोडायचं नाही, कॅलरी मोजत बसायचं नाही, आपल्या भागात आणि हंगामात पिकतं ते खायचं.

मग शास्त्र कोणाच्या बाजूचं? २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझूचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १३९ लठ्ठ माणसांना वर्षभर ठरावीक कॅलरीच दिल्या. अर्ध्यांनी सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच खाल्लं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नव्हतं. वजन दोन्हीकडे उतरलं, फरक म्हणावा असा निघाला नाही. ही काही दीक्षित-दिवेकरांची थेट तुलना नव्हे. पण एवढं कळतं की एकूण पोटात किती जातं ते आधी, घड्याळ नंतर.

आणि एकूण किती जातं हे आपल्याला माहीतच नसतं. माझंच सांगते. रात्री दहाला सगळ्यांचं झालं की मी ओट्याशी उभी. मुलाने ताटात सोडलेली अर्धी पोळी, कुकरच्या तळाचा दोन घास भात, कढईत राहिलेली चमचाभर बटाट्याची भाजी. टाकवत नाही, फ्रिजमध्ये ठेवायला फार थोडं. हे मी जेवणात कधी धरलंच नव्हतं. शिवाय दिवसाला चार कप चहा, कपात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम झाली, आणि चहाबरोबरची बिस्किटं वेगळीच.

दीक्षित पद्धतीने माझी ही ओट्याजवळची पंगत एका दिवसात बंद झाली. ५५ मिनिटं संपली की संपली, विचार करायचाच नाही. येताजाता तोंडात टाकायची सवय असलेल्याला हा नियम फार सोपा पडतो, कारण त्यात ‘थोडंसं’ हा शब्दच नाही. ज्यांची ड्यूटी अशी की मधे डबा उघडता येत नाही, त्या कंडक्टर, नर्स, शिक्षकांनाही हेच जमतं. मी अडकले ती दुसऱ्या जेवणात. लोकलने घरी पोचून जेवायला रात्रीचे साडेनऊ व्हायचे, आणि दिवसभराची भूक अशी की भाताला मोजमाप राहायचं नाही. श्रावण आला, हळदीकुंकू आलं, लग्नसराई आली की घडी विस्कटायची ती वेगळीच.

उपाशी राहून रात्री तुटून पडणाऱ्याला दिवेकरांची पद्धत बरी. पाचच्या सुमाराला मूठभर शेंगदाणे-गूळ पोटात गेले की रात्रीचं ताट आपोआप आवरतं. पण याला तयारी लागते. केळं, ताक, चणे सकाळीच पिशवीत पडले नाहीत, तर दर दोन तासांनी खाणं म्हणजे कँटीनचा वडा आणि डब्यातला चिवडा. माझे पहिले तीन महिने त्यातच गेले, वजन दीड किलोने वाढलं.

म्हणून आधी चार दिवस वहीत सगळं लिहा, चहाचा कप आणि चाखलेली आमटीसुद्धा. नोंदी दिवसभर विखुरलेल्या असतील तर दोनदा जेवून बघा. दुपार कोरी आणि रात्रीचं पान भरलेलं दिसलं तर मधलं खाणं बांधून न्या. तीन महिने एकच धरा, दर सोमवारी बदलू नका. साखर आणि पाकिटातलं खाणं दोन्हीकडे कमीच करायचंय. डाळ, उसळ, अंडं यांचं प्रमाणही दोन्हीकडे वाढवावंच लागतं, कारण आपलं ताट पोळी-भातानेच भरतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा कमी करू नका. रक्तातली साखर एकदम उतरते, घाम सुटतो, माणूस कोसळू शकतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, वाढत्या वयाच्या मुलांनी दोनदा जेवणाच्या वाटेला जाऊच नये.

आणि रोज काट्यावर उभं राहू नका. त्यापेक्षा महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजा, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडे बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. माझी ९४ होती, आता ८६ आहे.