9900 चा सेल आणि माझे पाच स्टार

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी कास्टिंग, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेले नग, तपासायचं काम करतो. हातात माप घ्यायचा व्हर्निअर, खिशात लाल खडू. दिवसभरात पन्नास-साठ नगांवर फुल्या मारून ते रिजेक्टच्या ट्रेमध्ये टाकायचे, आणि मोल्डिंगवाल्यांच्या शिव्या खायच्या. असल्या माणसाला 799 रुपयांच्या सायकल लाइटनं गंडवलं. गंडवलं ते गंडवलं, वर मीच त्याला पाच स्टार दिले. ते कसं झालं ते सांगतो.

मागच्या वर्षी शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला नाहीतर सायकल चालवा. मी राहतो हेर्ल्यात, म्हणजे कंपनीपासून सात-आठ किलोमीटर. दिवसा काही प्रश्न नव्हता. पण सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटते, आणि ऊस हंगामात रात्री अकरानंतर सांगली रोडवर सायकल चालवणं म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ट्रॉलीला मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. टायर बसला की चाकामागं दगड लावायचा आणि ट्रॉली तिथंच कडेला सोडून द्यायची. ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. त्यात समोरून हाय बीम मारत गाडी आली, की चार-पाच सेकंद डोळ्यापुढं नुसता पांढरा पडदा.

म्हणून ऑनलाइन लाइट शोधला. पेजवर लिहिलेलं असं: 10,000 ल्युमेन (दिवा एकूण किती उजेड देतो त्याचं माप), 9900 एमएएचचा (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) 18650 सेल, हायवर आठ तास, दोन तासांत फुल चार्ज, वॉटरप्रूफ, मागचा लाल दिवा फ्री. एमआरपी 2,999, आज 799. फोटोत तर एका सायकलच्या उजेडात अख्खा डोंगर उजळलेला. खाली साडेचार स्टार. मी ऑर्डर टाकून मोकळा झालो.

लाइट आला त्या आठवड्यात माझी फर्स्ट शिफ्ट होती. सगळं घोडं इथंच पेंड खातं. घरी आलो, दिवाणखान्यातली ट्यूब बंद केली आणि भिंतीवर लाइट मारला. डोळे दिपले. पोरगा म्हणाला, "पप्पा, भारी!" डब्यात एक रंगीत कार्ड होतं: पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप करा, 100 रुपये कॅशबॅक मिळवा. मी लिहिलं, 'उजेड एक नंबर, पैसा वसूल.' तासाभरात खरंच 100 रुपये खात्यात आले. मला वाटलं, काय इमानदार माणसं आहेत!

परत करायची मुदत सात दिवसांची होती. ते सात दिवस मी उजेडात कामाला जाऊन उजेडात घरी येत होतो.

पुढच्या सोमवारी सेकंड लागली. घर येईपर्यंत लाइट जरा पिवळट वाटला, पण मी म्हटलं डोळे दमले असतील. आठ तास चालतो म्हटल्यावर चार्जिंगला कशाला लावायचा? मंगळवारी रात्री हालोंडी फाट्याच्या जरा पुढं तो दोनदा लुकलुकला आणि गेला. ब्रेक दाबेपर्यंत उसाची वाढं तोंडावर. चष्मा फुटला, डावं मनगट खरचटलं, हँडल वाकडं झालं. तेवढ्यावर निभावलं. ट्रॉलीखाली झोपलेला पोरगा मोबाइलची बॅटरी लावून उठून आला आणि मलाच म्हणतो, "लाइट न्हाई व्हय सायकलीला?"

दुसऱ्या दिवशी मी लाइट कंपनीत नेला आणि आमच्या पद्धतीनं तपासला. सेल व्हर्निअरमध्ये धरला: व्यास 18 मिलिमीटर, लांबी 65. माप बरोबर, कारण 18650 या नावाचा अर्थच तो. मग लॅबच्या काट्यावर ठेवला. 31 ग्रॅम. चांगल्या कंपनीचा 18650 सेल 45 ते 50 ग्रॅमचा असतो. आपल्याकडं कास्टिंगला वजन कमी भरलं की आत पोकळी आहे हे शिकाऊ पोरालाही कळतं, तसंच हे. (सेल कापून आत काय आहे ते बघायची खाज मला सुटली होती, पण लिथियमचा सेल कापला तर पेट घेतो. कुणी असला उद्योग करू नका.) मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं कपॅसिटी मोजायचं छोटं यंत्र असतं. त्यानं लावून बघितलं: 940 एमएएच. वेष्टनावर 9900. या मापाच्या सेलमध्ये चांगल्यातली चांगली कंपनी साधारण 3500 पर्यंत पोचते. म्हणजे 9900 आकडा दिसला की पुढं वाचायचीच गरज नाही.

मग कागद घेऊन बसलो, आणि खरी लाज तिथं वाटली. कारण यंत्र, काटा, व्हर्निअर काहीच लागत नव्हतं. डब्यावरच्याच आकड्यांनी एकमेकांना खोटं पाडलं होतं. एलईडी एका वॅटला ढोबळमानानं शंभरेक ल्युमेन देतो. म्हणजे 10,000 ल्युमेनला 100 वॅट हवेत. त्यांचा 9900 चा आकडा खरा धरला तरी 9.9 अँपिअर-अवर गुणिले सेलचे 3.7 व्होल्ट, म्हणजे सेलमध्ये एकूण साडेछत्तीस वॅट-अवर वीज. 100 वॅटनं ते बावीस मिनिटांत संपलं. आठ तास चालवायचा तर साडेचार वॅट, म्हणजे साडेचारशे ल्युमेन. आणि यूएसबीच्या 5 व्होल्ट 1 अँपिअर चार्जरवर तेवढं भरायला सात-आठ तास लागतील, डब्यावर लिहिलंय दोन. चारचाकीचा साधा एच-4 हॅलोजन बल्ब हाय बीमला 1650 ल्युमेनच्या आसपास असतो. तसल्या सहा बल्बांचा उजेड मुठीएवढ्या डबीतून निघाला असता, तर माझं हँडल भाजलं असतं!

पूर्ण चार्ज करून घड्याळ लावलं. बाविसाव्या मिनिटाला उजेड निम्म्यावर आला, अडतिसाव्या मिनिटाला बंद. मागचा फ्री दिवा पहिल्या धुक्यातच आतून ओला झाला, त्याचं काय सांगत बसू.

एक नग खराब निघाला म्हणून लॉट रिजेक्ट करायचा नसतो, त्यामुळं मनात होतं की आपल्याच नशिबी वाईट आला असेल. पण जेवणाच्या सुट्टीत अप्रेंटिस पोरगा सेल बघायला आला आणि गप्प झाला. त्यानंही तोच लाइट घेतला होता. "दादा, तुमचंच बघून घेतलं की ओ. तुमचा रिव्ह्यू होता म्हणून म्हटलं चांगला असणार." त्याचा सेल भरला 29 ग्रॅम. माझ्या शंभर रुपयांनी त्याचे आठशे गेले. स्टायपेंडवर राहणारा पोरगा तो.

तक्रारीचं थोडक्यात सांगतो. ॲपवाल्यांनी मुदत संपली म्हणून हात वर केले. विकणाऱ्याचा व्हॉट्सॲप नंबर, जो कॅशबॅकला तासात हजर होता, तो आता निळी टिकसुद्धा दाखवेना. डबा नीट बघितला तर आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, महिना-वर्ष नाही. पॅकबंद मालावर हे सगळं छापणं 2011 च्या नियमांनुसार सक्तीचं आहे. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. डब्याचे फोटो, काट्यावरच्या सेलचा फोटो आणि कॅशबॅकचं कार्ड जोडलं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असं आहे, तेही लिहिलं. सोळाव्या दिवशी पैसे आले, पोराचेही आले. सुट्टीच्या दिवसाचा अर्धा भाग फोनवर गेला, चष्म्याचे 1,400 रुपये मात्र माझेच. आणि हो, कस्टमर केअरचा नंबर सर्चमध्ये शोधून फोन लावू नका, ॲपमधूनच जा. मला पहिला नंबर भेटला तो मोबाइलमध्ये कुठलंतरी ॲप टाका म्हणत होता. तिथं मात्र अक्कल शाबूत होती.

आता जो लाइट आहे तो कोल्हापुरातल्या एका जुन्या सायकल दुकानातून घेतला, साडेसहाशेला. डब्यावर 400 ल्युमेन, 2000 एमएएच, हायवर दीड तास. गणित मांडलं: 2 गुणिले 3.7 म्हणजे 7.4 वॅट-अवर, चार वॅटला पावणेदोन तासांहून थोडं जास्तच. म्हणजे दीड तास म्हणणारा माणूस खरं बोलतोय. मी ल्युमेन, वॅट करत बसलो तसे दुकानातले मामा वैतागले. "अहो, ते राहू द्या. आत गोडाऊनात अंधार हाय, लावून बघा." त्यांचं बरोबर होतं. भिंतीवर सगळाच उजेड भारी दिसतो, बघायचं असतं ते जमिनीवर कुठं पडतो. आधीच्याचा उजेड गोल, टॉर्चसारखा. निम्मा झाडांच्या शेंड्यात आणि उरलेला समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यात. याचा आडवा पडतो आणि वरच्या बाजूला कापल्यासारखा संपतो. जर्मनीत सायकलच्या पुढच्या दिव्याला तसा नियमच आहे: दहा मीटरवर किमान 10 लक्स (समोर प्रत्यक्ष किती उजेड पडतो त्याचं माप), आणि समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत. म्हणून तिकडच्या डब्यावर ल्युमेनपेक्षा लक्सचा आकडा ठळक छापतात. मागं दोन पेन्सिल सेलवरचा दीडशेचा लाल दिवा लावलाय आणि मडगार्डला लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवलीय. पट्टीला चार्जिंग लागत नाही.

आमच्या आजोबांच्या काळी बिनदिव्याची सायकल पोलीस पकडायचे, म्हणून त्यांनी चाकाला घासणारा डायनामो बसवला होता. सहा व्होल्ट, तीन वॅट. थांबलं की दिवा गेला, पण त्यानं कधी आठ तासांची थाप मारली नाही.

रिव्ह्यू बदलला. एक स्टार, काट्यावरच्या सेलचा फोटो, सगळं. आठवड्यात ते पेजच गायब झालं. परवा सहज बघितलं तर तोच लाइट, तोच डोंगर, नाव दुसरं, आणि आता 12,000 ल्युमेन. खाली पाच स्टारवाल्या एकानं लिहिलंय, 'रात्री अजून नेला नाही, पण घरात लावून बघितला, उजेड एक नंबर.'