एफएमला कंटाळलात? मग कोकणात गाणी कशावर ऐकावीत

खासगी एफएमवर सध्या जे लागतं ते ऐकून वैताग यायला संगीतातलं काही कळावं लागत नाही. नव्वदच्या दशकातलं एखादं गाजलेलं गाणं उचलायचं, मुखडा तसाच ठेवायचा, अंतरा कापून तिथे रॅपच्या चार ओळी घुसडायच्या, खाली नेहमीचाच ठेका टाकायचा आणि नव्या सिनेमाच्या नावाने बाजारात आणायचं. कंटाळून दुसरं स्टेशन लावावं, तर थोड्या वेळाने तिथेही तेच. आमच्या आईला हिंदी सिनेमाचं काही सोयरसुतक नाही, तरी तीसुद्धा विचारते, "ह्यां गाणां कालच लागलेलां मा?"

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत कुठेही राहणाऱ्या आणि घरात, गाडीत, दुकानात लावायला दुसरं काहीतरी शोधणाऱ्यांसाठी हा आढावा आहे. पर्याय चारपाच आहेत. माझा निकष एकच, तो आधीच सांगून टाकतो: गाणं कुणीतरी ऐकणाऱ्याचा विचार करून निवडतंय का? भाषा कुठली, जुनं की नवं, फुकट की विकत, हे सगळं नंतर.

खासगी एफएम

कोकणात एफएमचं पहिलं दुखणं भूगोलाचं. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की संपल्या. अलिबागला मुंबईची स्टेशनं खणखणीत लागतात, कारण मध्ये फक्त पाणी. तिथून महामार्गाने खाली यायला लागलं की महाडच्या पुढे खरखर वाढते आणि कशेडीच्या डोंगरात त्यांचा विषय संपतो. पुढे थेट बांद्याच्या आसपास गोव्याची स्टेशनं पकडायला लागतात. मधल्या एवढ्या मोठ्या पट्ट्यात खासगी एफएमवर अवलंबून राहणं शक्यच नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये २३४ नव्या शहरांत खासगी एफएमच्या लिलावाला मंजुरी दिली, त्यामुळे लहान शहरांत स्टेशनं वाढतील. पण स्टेशन वाढल्याने गाणी बदलतील, या आशेवर मी राहणार नाही.

त्याची कारणं धंद्यातच आहेत. लिलावात भरलेले पैसे जाहिरातीतून वसूल करायचे, म्हणून चाचणीत पास झालेली, कुणी स्टेशन बदलणार नाही अशीच गाणी फिरत राहतात. २०११ च्या धोरणाने एकाच कंपनीला आपल्या सगळ्या शहरांत एकच कार्यक्रम चालवायची मुभा दिली. मग इथे काजूला मोहोर आलाय की शिमग्याची पालखी निघालीये, हे त्या निवेदकाला कुठून कळणार? स्वतःच्या बातम्या द्यायलाही खासगी स्टेशनांना परवानगी नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र तेवढं लावता येतं. स्थानिक म्हणावं असं उरतंच काय?

आणि रिमेकचा पूर का आला, तर जुन्या गाण्यांचे हक्क ज्या कंपन्यांकडे आहेत त्यांना नवं गाणं जोखमीचं वाटतं. स्वतःच्या गोदामातलं जुनं काढून पॉलिश करणं स्वस्त, शिवाय लोकांच्या ओठांवर ते आधीपासूनच असतं. यात पोटावर पाय येतो तो नव्या गीतकाराच्या आणि संगीतकाराच्या, आणि माझा खरा राग त्यासाठी आहे. पंचवीस वर्षांनी आठवावं असं आज काही तयारच झालं नाही, तर तेव्हाचे लोक रिमेक तरी कशाचा करणार?

गाडीत तासभर कानाला सोबत हवी, एवढीच गरज असेल तर एफएम ठेवा. मन लावून ऐकायचं असेल तर पुढे चला.

आकाशवाणी

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवणार आहे, कारण हा पर्याय लोक न ऐकताच बाद करतात. रत्नागिरीचं केंद्र १९७७ पासून आहे. मध्यम लहरींवर (मीडियम वेव्हवर) ते किनाऱ्याने लांबपर्यंत ऐकू येतं, कारण या लहरी जमिनीलगत सरकतात आणि खाऱ्या पाण्यावरून तर फारच छान. होडीवरच्या माणसाला हवामानाचा इशारा द्यायला याहून भरवशाचं साधन नव्हतं. जून २०२० मधलं निसर्ग आणि मे २०२१ मधलं तौक्ते, दोन्ही वादळांत वीज गेली, मोबाईलचे टॉवर बंद पडले. अशा वेळी दोन सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घरात असावा, गाण्यांचं सोडा.

पण गाण्यांचंही सोडायचं कारण नाही. आकाशवाणीवर गायचं तर स्वरचाचणी द्यावी लागते, पास झालं की श्रेणी मिळते: बी, बी-हाय, ए, टॉप. गावातला भजनी बुवा, नाट्यपदं म्हणणारा शिक्षक, जात्यावरच्या ओव्या सांगणारी आजी, अशी माणसं याच दाराने माइकसमोर आली. त्यांचं गाणं कुठल्या ॲपवर सापडणार नाही. सकाळचं भक्तिसंगीत, कामगारांसाठीचा आणि शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, नाट्यसंगीत, लोकसंगीत हे सगळं एकाच दिवसात ऐकायला मिळतं आणि प्रत्येक गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगितली जातात. ही साधी गोष्ट वाटते, पण नाव ऐकल्याने गाणं कुणीतरी केलंय याची जाणीव राहते. एफएमवर फार तर सिनेमाचं नाव कळतं.

रेडिओ केंद्र ठरवलं तर काय करू शकतं, याचा मराठीतला पुरावा सगळ्यांना माहीत आहे. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीने गीतरामायण सुरू केलं आणि पुढे वर्षभराहून थोडं अधिक काळ, दर आठवड्याला नवं गाणं, अशी छप्पन्न गाणी दिली. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल. कोऱ्या कागदापासून सुरुवात, तीही एका सरकारी केंद्रात.

आकाशवाणीची निवड कायम शहाणी होती, असं मात्र म्हणता येणार नाही. १९५२ मध्ये केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात सिनेसंगीत आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झालं. लोकांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलं, अमीन सायानींचा आवाज घरोघरी पोचला आणि शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. श्रोत्याला काय आवडतं हे न विचारता केलेली निवड टिकत नाही, मग ती जाहिरातदाराने केलेली असो की मंत्र्याने. फर्माईशीचा कार्यक्रम मला म्हणूनच मोलाचा वाटतो. देवरुखचा कुणी, वेंगुर्ल्याचा कुणी नाव-गाव कळवून गाणं मागतो आणि ते लागतं.

आजच्या अडचणीही खऱ्या आहेत. दिवसातला बराच वेळ मुंबईहून किंवा विविध भारतीवरून सहक्षेपण असतं, स्थानिक कार्यक्रम सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक वेळातच मिळतात. निवेदन कधी कधी फारच कोरडं होतं. मध्यम लहरींवर ट्यूबलाइट, इन्व्हर्टर यांची खरखर येते. त्यावर एक उपाय आहे: रेडिओ खिडकीशी ठेवून हळूहळू फिरवत जा. एका ठरावीक कोनात आवाज एकदम उघडतो, कारण आतली अँटेना दिशा बघून लहर पकडते. मोबाईलवर एफएम ऐकायचं तर इअरफोनची वायर लावावीच लागते, तीच अँटेना असते, आणि बऱ्याच नव्या फोनांना ती लावायचं भोकच नसतं. तिथे आकाशवाणीचं 'न्यूज ऑन एअर' ॲप कामाला येतं, देशभरातली केंद्रं त्यावर फुकट आहेत.

माझं मत स्पष्ट आहे. घरासाठी निवडणार असाल तर पहिले पैसे मध्यम लहरी आणि एफएम दोन्ही असलेल्या साध्या रेडिओवर घाला.

ॲप

मुंबईत राहणारा मुलगा सुट्टीत येतो, फोनमध्ये ॲप टाकून देतो आणि सांगतो, आता काय हवं ते ऐका. हवं ते मिळतं हे खरंच. अडचण अशी की शोधायचं काय हे आपल्यालाच ठाऊक हवं. शोधलेलं गाणं संपलं की ॲप स्वतःच पुढचं लावतं, आणि ते बहुतेकांनी ऐकलेलं तेच लावतं. काही वेळाने आपण फिरून एफएमच्याच यादीत येऊन पडतो. म्हणून ॲप घेणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा आणि स्वतःची यादी करा. पैसे भरून घेतलं तर जाहिराती जातात आणि गाणी फोनमध्ये उतरवून ठेवता येतात. पावसाळ्यात वाडीवर रेंज जाते तेव्हा हे उतरवून ठेवणंच कामाला येतं. तरुणांना, आणि ज्यांना एखाद्या गायकाच्या मागे लागून सगळं ऐकायचं आहे त्यांना, ॲपसारखं दुसरं काही नाही. कामं करता करता ऐकणाऱ्याला मी सुचवणार नाही.

कारवां आणि पेनड्राइव्ह

सारेगामाचा कारवां २०१७ मध्ये आला, त्यात पाच हजार गाणी भरलेली असतात. मराठी गाण्यांचाही निघाला. बटण फिरवलं की गाणं सुरू, नेट नको, चष्मा नको. सत्तरीपुढच्या माणसाला भेट द्यायला उत्तम. पण ती पाच हजार एकाच कंपनीच्या तिजोरीतली आहेत आणि त्यात मालवणी भजन किंवा नमनातलं पद शोधूनही मिळणार नाही. स्वतःसाठी घेऊ नका. बाजारात मेमरी कार्डात गाणी 'भरून' देतात ती चोरीची असतात, ज्याने गाणं केलं त्याला त्यातला छदाम मिळत नाही. ती नकोतच.

बारी, नमन, दशावतार

हा पर्याय यंत्रात मावत नाही, पण एफएमला कंटाळलेल्या कोकणी माणसाने तो मोजलाच पाहिजे. कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि दक्षिणेकडे दशावतार रात्ररात्र चालतो. लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं आणि संवाद रंगमंचावरच होतात. रत्नागिरीकडे नमन-खेळे, जाखडी, शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब. आणि सिंधुदुर्गात डबलबारी.

डबलबारी एकदा जवळून बघाच. समोरासमोर दोन बुवा, प्रत्येकाची पेटी, मागे कोरस आणि झांजा. बारी सुरू व्हायच्या आधी पखवाजी डाव्या पुडीवर ओली कणीक चोपतो, थाप मारून बघतो, चिमूटभर काढतो, पुन्हा लावतो, खर्ज हवा तसा भरेपर्यंत. तोवर बुवा पेटीवर सूर धरून बसलेला असतो. मग रूपाचा अभंग, गजर, गौळण करत करत एक बुवा दुसऱ्याला पुराणातला प्रश्न टाकतो आणि त्याचं उत्तर समोरच्याला आपल्या बारीत गाऊन द्यावं लागतं.

कुणी म्हणेल, हे बुवा तरी वेगळं काय करतात, सिनेमाच्याच चाली घेतात ना? घेतात, उघड घेतात. पण चाल घेऊन त्यावर शब्द आपले बसवतात, तेही समोरच्याने आत्ताच टाकलेल्या कोड्याला धरून. ऐकणाऱ्याला मूळ गाणं पाठ असतं, म्हणूनच बुवाने कुठल्या मात्रेवर काय बसवलं हे कळून दाद जाते. रिमेकवाला चालही घेतो, शब्दही घेतो आणि बदल्यात स्वतःचं काहीच घालत नाही. उसनं घेण्यावर माझा आक्षेप नाही. घेतलेल्यात भर न घालण्यावर आहे.

डबलबारीत खटकण्यासारखंही आहे. अलीकडे काही ठिकाणी स्पीकर इतके चढवतात की पखवाजाचा नाद फाटतो, आणि सवाल-जवाब घसरून वैयक्तिक टोमण्यांवर येतात. आयोजकांनी दोन्ही आवरलं पाहिजे. यूट्यूबवर बाऱ्यांचे व्हिडिओ भरपूर आहेत, गणपतीत घरोघर ते चालूही असतात. बाहेरगावी असणाऱ्याला तेवढाच आधार. मात्र कणकवलीपासून कुडाळपर्यंत फिरून बारीला बसायची सवय असलेल्या माणसाला तो आवाज फोनमध्ये पुरत नाही.

हॉटेल, होमस्टे चालवणाऱ्यांसाठी

मालवण, तारकर्ली, गुहागर, हर्णै, सगळीकडे जेवणाच्या जागी एफएम किंवा मालकाच्या फोनवरचं ॲप चालू असतं. पाहुणा मुंबई-पुण्याहून जे मागे टाकून आला, तेच त्याला सोलकढीबरोबर ऐकवतो आपण. शिवाय ॲपचं खातं वैयक्तिक वापरासाठी असतं, धंद्याच्या जागी ते चालवणं नियमात बसत नाही. ध्वनिमुद्रित गाणी गिऱ्हाइकांसमोर वाजवायची तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे परवाना लागतो, त्यासाठी पीपीएल आणि आयपीआरएस या गाण्यांच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्थांकडे जावं लागतं. लग्न आणि धार्मिक विधीला सूट आहे, जेवणावळीच्या हॉलला नाही.

यापेक्षा सोपी वाट आहे. तुकोबांच्या, चोखोबांच्या अभंगांवर कुणाची मालकी नाही. वाडीतल्या भजनी मंडळाला हंगामात शनिवारी संध्याकाळी बोलवा, परंपरेच्या चालीवर अभंग म्हणायला सांगा, स्पीकर लावू नका, आणि मानधन आधी ठरवून त्याच दिवशी हातात द्या. पाहुण्यांना बसायला चटया पुढे टाका, जेवणाची वेळ अर्धा तास मागे घ्या, म्हणजे वाटीचमच्यांचा आवाज मध्ये येणार नाही.