पश्चिम घाटाच्या मसुद्यावर हरकत नोंदवण्याची सोय: खानापूर तालुक्यातून एक परीक्षण

पश्चिम घाटातील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३१ जुलै २०२४ रोजी सहाव्यांदा प्रसिद्ध केली आणि आधीच्या मसुद्यांप्रमाणेच हरकती व सूचनांसाठी साठ दिवसांची मुदत दिली. सहा राज्यांतील ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी २०,६६८ चौरस किलोमीटर, म्हणजे सर्वांत मोठा वाटा, कर्नाटकाचा आहे आणि बेळगाव जिल्ह्यातील आपल्या खानापूर तालुक्याचा जंगलपट्टाही त्यात येतो. हे परीक्षण मसुद्याचे नाही. लोकांचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी ठेवलेली ही सोय तालुक्यातील भीमगड अभयारण्याच्या परिसरातील माणसाला कितपत वापरता येते, एवढेच येथे पाहायचे आहे.

सोयीची जमेची बाजू खरी आहे. हरकत कोणीही नोंदवू शकतो. त्यासाठी वकील लागत नाही, शुल्क नाही आणि जमीन आपल्या नावावर असण्याचीही अट नाही. टपालाने किंवा ईमेलने पाठवलेला साधा अर्ज पुरतो. देगावजवळ उगम पावणारी म्हादई नदी आणि बारापेडे गुहांतील दुर्मिळ वटवाघळे ज्याला टिकलेली पाहायची आहेत, त्यालाही मसुद्याच्या बाजूने लिहिता येते. या सोयीला केवळ विरोधाची जागा मानणे चुकीचे ठरेल.

अडचण सुरू होते ती मुदतीपासून. जुलैअखेरीस सुरू झालेले साठ दिवस म्हणजे खानापूरच्या जंगलपट्ट्यात भर पावसाळा. गवाळी, पास्टोली, कोंगळा या गावांचा रस्ता त्या काळात ओढ्यानाल्यांनी अडतो आणि आजाऱ्याला बाहेर काढणेही कठीण होते. अशा वेळी राजपत्राची प्रत मिळवून ती समजून घेणे कोणाला जमणार? २०२२ चा मसुदाही ६ जुलैलाच, म्हणजे ऐन रोप लावणीच्या दिवसांत निघाला होता. ही मुदत कागदावर पुरेशी असली तरी या गावांना ती प्रत्यक्षात मिळत नाही.

दुसरी अडचण भाषेची असून ती मला अधिक गंभीर वाटते. भारताचे राजपत्र हिंदी आणि इंग्रजीत निघते, तहसीलदार कचेरीचा कारभार कन्नडमध्ये चालतो आणि गावातली माणसे मराठी वाचतात. हा प्रश्न नवा नाही आणि त्यावरचे उपायही ठाऊक नसलेले नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्यासाठी हक्कांची चौकशी करताना जिल्हाधिकाऱ्यांनी प्रादेशिक भाषेतील उद्घोषणा त्या परिसरातील गावोगावी प्रसिद्ध करायची असते. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २०२० च्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला होता. मग एवढ्या मोठ्या क्षेत्राच्या मसुद्याची प्रत मराठीत पंचायतीच्या फलकावर लागायला हवी, ही अपेक्षा अवाजवी कशी म्हणता येईल?

वाचायला न मिळालेल्या कागदाबद्दल अफवा पसरतात. घराची दुरुस्ती करता येणार नाही, असे अनेकांना वाटते. मसुद्यात मात्र प्रचलित कायद्यांच्या चौकटीत राहत्या घराच्या दुरुस्तीला व विस्ताराला मुभा आहे. बंदी आहे ती नव्या खाणी, दगडखाणी, वाळू उपसा, औष्णिक वीज प्रकल्प आणि २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामे यांच्यावर.

मूळ दोष मात्र या सोयीच्याही आधीचा आहे. केंद्राने पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात ग्रामसभांशी विचारविनिमयाचा आग्रह धरला होता. त्यानंतर कस्तुरीरंगन गटाने एप्रिल २०१३ मध्ये दिलेला अहवाल, ज्याच्यावर हे मसुदे आधारलेले आहेत, उपग्रहाच्या छायाचित्रांवर उभा आहे. गावाचा वीस टक्के किंवा अधिक भाग संवेदनशील आढळला की अख्खे गाव यादीत येते. अमेरिकेत १९६९ च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यातून रूढ झालेल्या पद्धतीत, संघराज्याच्या मालकीच्या जमिनीबाबत अभ्यास करताना काय तपासावे हेच लोकांना आधी विचारले जाते. तिथे प्रश्न सरकारी जमिनीचा असतो. आपल्याकडे यादीत लोकांच्या मालकीची शेतेही येतात, आणि तरीही विचारणा होते ती यादी तयार झाल्यानंतर. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने कस्तुरीरंगन अहवाल नाकारला, पण बेंगळुरूचा नकार हा गवाळीच्या ग्रामसभेचा आवाज नव्हे.

म्हणून या सोयीला मी पाचपैकी दोन गुण देतो. तरीही ती वापरावी, असेच माझे आग्रहाचे सांगणे आहे. हरकत किंवा पाठिंबा, काहीही असो, पत्रात गावाचे नाव मसुद्यातील यादीत जसे आहे तसेच लिहावे, सर्वे नंबर द्यावा आणि त्या जागी प्रत्यक्ष काय आहे, काजूची बाग, भाताचे शेत की देवराई, हे स्पष्ट मांडावे. उपग्रहाच्या चित्रातून जे कळत नाही ते सांगणारे पत्रच उपयोगी ठरते. सोबत उताऱ्याची झेरॉक्स आणि शक्य असल्यास ग्रामसभेचा ठराव पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) सहीशिक्क्यासह जोडावा. पाठवलेल्या कागदांची प्रत पोचपावतीसह पंचायतीच्या दप्तरात ठेवावी, कारण पुढचा मसुदा आला की साठ दिवस नव्याने सुरू होतात.