अमेरिका की जर्मनी? सोबत जाणाऱ्याच्या बाजूने बघा

जोडीदाराला दोन्हीकडून ऑफर असेल, तर पगाराचे आकडे मांडून झाल्यावर एक प्रश्न विचाराच: तिथे गेल्यावर दुसऱ्याला नोकरी करता येईल का?

अमेरिकेत एच-१बीवर, म्हणजे तिथल्या कंपनीने नोकरीसाठी काढून दिलेल्या व्हिसावर, गेलेल्याच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो. त्यावर शिकता येतं, पण नुसत्या त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही एच-४ धारकांना कामाचा परवाना मिळू लागला, पण त्यासाठी बहुतेक वेळा ग्रीन कार्डच्या वाटेवरचा आय-१४० अर्ज मंजूर व्हावा लागतो. तो भरायचा की नाही आणि कधी, हे सहसा कंपनी ठरवते. म्हणजे पुण्यात दहा वर्षं टीम सांभाळलेल्या बाईचं करिअर नवऱ्याच्या एचआरच्या मर्जीवर. मला हे फार खुपतं.

जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या (उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा निवास-काम परवाना असलेल्याच्या) जोडीदाराला निवास परवाना मिळाला की कामाची मुभाही मिळते, आणि व्हिसासाठी आधी जर्मन यायला हवं अशी अट नाही. खरी अडचण पुढे येते. आयटीवाल्यांचं बर्लिन-म्युनिकमध्ये इंग्रजीवर निभावतं. डॉक्टर, शिक्षिका, वकील यांना भाषेशिवाय गत्यंतर नाही. पगारही अमेरिकेपेक्षा सहसा कमी आणि करकपात भरपूर.

तरी दोघांनाही काम करायचं असेल तर मी जर्मनीच म्हणेन. पुण्यातल्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकायला आत्ताच नाव घाला. अमेरिकाच ठरली, तर होकार देण्याआधी ग्रीन कार्डचा अर्ज कधी भरणार हे कंपनीकडून लेखी घ्या.